वाचकांचे प्रश्न : जुन्या राजपुत्राची नवी उडी

मागील अंकात या सदरात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या १९८९ सालच्या गेमचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला द्यावे लागले. बाजूने दिसणाऱ्या, पळत आणि उड्या मारत खेळायच्या जुन्या गेम आजच्या खेळाडूंसाठी पुन्हा उभ्या करताना काय राखावे आणि काय सोडून द्यावे, हा बहुतेक पत्रांचा गाभा आहे. पत्रे थोडी संक्षिप्त करून दिली आहेत.

प्रश्न : मी १९९३ साली अभियांत्रिकी महाविद्यालयात असताना प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर संगणक कक्षात रेंगाळून ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळत असे. गेल्या दिवाळीत मुलाने त्याच मालिकेतील ‘द लॉस्ट क्राउन’ ही नवी गेम दाखवली. तिच्यात राजपुत्र हा नायकच नाही. जो नायक आहे तो हवेत झेपावतो, भिंतींना पाय लावून वर जातो आणि विजेच्या वेगाने तलवार चालवतो. जुन्या नावावर विकलेली ही निराळीच गेम आहे, असे माझे मत झाले. ते चुकीचे आहे का? — एक शिक्षक, सातारा

उत्तर : आपली तक्रार मला समजते, कारण ही गेम हातात घेतल्यावर पहिला अर्धा तास माझ्याही मनात हेच आले होते. पण नंतरच्या वीस-पंचवीस तासांनी माझे मत बदलले, आणि ते का बदलले हे जरा सविस्तर सांगतो.

आधी जुनी गेम नेमकी काय होती ते आठवून पाहा. राजपुत्राला पळवले की तो एकदम वेग घेत नसे, आणि थांबवले की एकदम थांबतही नसे. पावलांची एक लय पूर्ण झाल्यावरच तो आपले ऐकत असे. कड्याच्या अगदी टोकाशी जायचे असेल तर शिफ्टची कळ दाबून एकेक पाऊल सावधपणे टाकावे लागे. उडीची कळ दाबल्यावर त्याचे शरीर आधी झेपेची तयारी करी आणि मगच जमिनीवरून सुटे, म्हणून कळ क्षणभर आधी दाबण्याची सवय बोटांना लावावी लागे. समोरच्या कड्याला हात लागला की पुन्हा शिफ्ट दाबून लोंबकळायचे आणि अंग वर ओढून घ्यायचे. पायाखालची फरशी खुळखुळली की ती कोसळण्याआधी पुढे सरकायचे. या सगळ्यामुळे पडद्यावरचे ते काही ठिपक्यांचे चित्र आपल्याला माणूस वाटे, आणि तो खाली सुळ्यांवर पडला की आपल्याच पोटात खड्डा पडे.

ही जिवंत हालचाल योगायोगाने आलेली नव्हती. गेमचे कर्ते जॉर्डन मेकनर यांनी १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला आणि कड्यावरून वर चढायला लावले आणि त्याचे व्हिडिओ चित्रीकरण केले. मग दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ती फीत एकेका चित्रावर थांबवून छायाचित्रे काढली, त्या छायाचित्रांवरून आकृतीची कड गिरवली आणि त्या आकृत्या ॲपल टू संगणकात उतरवल्या. ही गेम बाजारात यायला १९८९ साल उजाडले. एका मुलाच्या पळण्यावर आणि चढण्यावर चार वर्षे खर्च झाली, आणि ती चार वर्षे आपण १९९३ साली संगणक कक्षात बसून अनुभवत होतो.

आता ‘द लॉस्ट क्राउन’कडे येऊ. जानेवारी २०२४ मध्ये आलेली ही गेम युबिसॉफ्ट या गेम कंपनीच्या फ्रान्समधील माँपेलिए येथील स्टुडिओने केली आहे. याच स्टुडिओने ‘रेमन ओरिजिन्स’ आणि ‘रेमन लेजेंड्स’ या गेम केल्या होत्या, म्हणजे बाजूने दिसणाऱ्या गेमच्या उडीचा विचार कसा करायचा, हे तिथल्या लोकांच्या अंगात मुरलेले होते. २००३ सालच्या ‘द सँड्स ऑफ टाइम’पासून ही मालिका मुख्यतः त्रिमितीत गेली होती. माँपेलिएच्या चमूने पात्रे आणि पार्श्वभूमी त्रिमितीत ठेवली, पण हालचाल पुन्हा डावी-उजवी आणि वर-खाली एवढ्यापुरती आणली, आणि त्यामुळे कडा, दरी, सुळे आणि फिरती पाती यांना त्यांचे जुने महत्त्व परत मिळाले. बाजूने पाहताना धोका आधी पूर्ण दिसतो, तो वाचता येतो, मनाशी आखणी करता येते, आणि मग ती आखणी बोटांना पेलते का याची परीक्षा होते. मूळ गेमचा आत्मा मला याच गोष्टीत दिसतो, आणि तो इथे शाबूत आहे.

नायकाविषयी आपण म्हणता ते खरेच आहे. सारगॉन हा राजपुत्र नाही; तो ‘इम्मॉर्टल्स’ नावाच्या योद्ध्यांच्या तुकडीतला तरुण आहे आणि पळवून नेलेल्या घसान या राजपुत्राला सोडवायला तो काफ पर्वतावर जातो. जुन्या दास्तानींमधला जो कोहकाफ आपण ऐकून आहोत, तोच हा पर्वत. सीमुर्ग हा इराणी पुराणकथांमधला महापक्षी कथेच्या केंद्रस्थानी आहे, आणि गेमचे संवाद पूर्णपणे फारसीत ऐकण्याची सोयही दिलेली आहे. दरवाजा, जमीन, शिकार असे कितीतरी शब्द ज्या भाषेतून आपल्या मराठीत आले, ती भाषा ऐकत खेळावे असा माझा आग्रह राहील. १९८९ च्या गेममधला इराण हा बराचसा हॉलिवूडच्या जुन्या चित्रपटांमधला इराण होता. नवी गेम त्या भूमीकडे अधिक आदराने पाहते, आणि मालिका पुन्हा उभी करताना असा बदल होत असेल तर त्याचे स्वागतच करायला हवे.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असेल. जुन्या गेममध्ये चौथ्या लेव्हलला आरसा लागतो. पळत येऊन त्याच्यातून उडी मारली की राजपुत्राची सावली दुसऱ्या बाजूने निसटते आणि पुढे आपलीच वाट अडवत राहते. अखेरीस ती तलवार घेऊन समोर उभी ठाकते. तिला मारले तर आपणही मरतो, आणि आपण तलवार म्यान केली तरच ती आपल्यात विलीन होते. ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये सारगॉनला एक शक्ती मिळते, जिच्यामुळे तो एका जागी आपली छाया ठेवून पुढे जातो आणि कळ दाबताच त्या छायेच्या जागी परत येतो. हा मुद्दाम घेतलेला धागा आहे की नाही, याचा निवाडा मी करणार नाही. पण पहिल्यांदा ती छाया मागे ठेवून दरी ओलांडली तेव्हा मला तो आरसा आठवला आणि अंगावर शहारा आला.

एका बाबतीत मात्र मी आपल्याच बाजूने आहे. जुन्या राजपुत्राच्या शरीराला वजन होते, आणि सारगॉनला ते नाही. तो कळ दाबताक्षणी हलतो, त्याला तयारी लागत नाही, आणि म्हणून कड्यावर लोंबकळताना जो जीव मुठीत येई तो इथे क्वचितच येतो. आजच्या खेळाडूला चपळ प्रतिसाद हवा असतो हे मला मान्य आहे, तरी हे नुकसान मला जाणवते.

प्रश्न : जुनी गेम साठ मिनिटांत पूर्ण करावी लागे. एवढी कठीण गेम मुद्दाम केली होती की संगणकाच्या मर्यादेमुळे तसे झाले? — ठाणे

उत्तर : दोन्ही कारणे होती, आणि ती वेगळी करता आली तरच अशी गेम पुन्हा नीट उभी करता येते. साठ मिनिटांची अट कथेतून आलेली आहे. वजीर जाफर राजकन्येला तासाभराची मुदत देतो, आणि आपण मेलो तर लेव्हल पुन्हा सुरू होते, पण घड्याळ मागे जात नाही. त्या घड्याळाने साध्या पळण्याला ताण आणला, त्यामुळे तो निर्णय मुद्दाम घेतलेला होता. सावलीचे पात्र मात्र टंचाईतून जन्मले. ॲपल टू संगणकाच्या मेमरीत शत्रूच्या वेगळ्या आकृत्या ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून मेकनर यांनी राजपुत्राचीच आकृती एका ठिपक्याने सरकवून तिच्याच मूळ आकृतीशी अशी मिसळली की दोन्हींत सारखा असलेला भाग पुसला गेला आणि चमचमती भुताटकीची कड तेवढी उरली. गेममधली सर्वांत लक्षात राहणारी कल्पना अशी जागेच्या अडचणीतून आली. त्यामुळे ‘ही फक्त तेव्हाच्या यंत्राची मर्यादा होती’ असे म्हणून एखादी गोष्ट टाकून देण्याआधी, त्या मर्यादेतून काय उगवले आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

प्रश्न : आम्ही चौघी गेम डिझाइन शिकत आहोत. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एखादी जुनी साइड-स्क्रोलिंग (बाजूने दिसणारी, सरकत्या पडद्याची) गेम नव्याने करायचा विचार आहे. सुरुवात चित्रांपासून करावी की कथेपासून? — एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : दोन्हींपासून नको. सुरुवात राखाडी चौकोनांपासून करा: एक चौकोन म्हणजे नायक, बाकीचे जमीन आणि कडे. त्या चौकोनाला पळवताना आणि उडवताना तुम्हाला मौज वाटेपर्यंत रंग आणि कथा यांना हात लावू नका.

हे इतक्या ठामपणे का सांगतो, ते ‘सॉनिक’च्या उदाहरणावरून कळेल. सेगा या कंपनीची ‘सॉनिक द हेजहॉग’ ही गेम १९९१ साली आली. तिचा वेग नुसता कळ दाबून धरल्याने येत नसे. उतारावर अंगाचा गोळा करून घरंगळलात की वेग वाढे, चढावर तो घटे, आणि उताराच्या टोकावरून सुटलात की तोच वेग घेऊन तुम्ही हवेत फेकले जात असा. टेकडीचा आकार वाचून वेग साठवायचा आणि योग्य जागी तो खर्च करायचा, हा तिथला खरा खेळ होता. २०१० साली सेगाने ‘सॉनिक फोर’चा पहिला भाग आणला. नाव मालिकेतला पुढचा क्रमांक सांगणारे होते, चित्रे स्वच्छ आणि नवी होती, ओळखीची हिरवी टेकडीही होती. पण उडी मारल्यावर दिशेची कळ सोडली की सॉनिकचा वेग हवेतच गळून पडे. जुन्या खेळाडूंच्या बोटांना हे पहिल्या मिनिटात कळले आणि ते नाराज झाले. बाहेरून सगळे ओळखीचे होते, पण आतले भौतिकशास्त्र परके होते.

त्यानंतर सात वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, ‘सॉनिक मेनिया’ आली. तिची सूत्रे ख्रिश्चन व्हाइटहेड या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरकडे होती, जो आधी स्वतः सॉनिकचा चाहता म्हणून काम करत आला होता. त्याने स्वतः लिहिलेल्या ‘रेट्रो इंजिन’ या गेम चालवणाऱ्या प्रणालीच्या आधारे ‘सॉनिक सीडी’ ही मालिकेतली जुनी गेम नव्या यंत्रांवर इतकी चोख चालवून दाखवली की सेगाने ती २०११ साली अधिकृतपणे प्रसिद्ध केली, आणि पुढे सायमन थॉमली याच्यासह त्याने पहिल्या दोन गेमही मोबाइलवर आणल्या. म्हणजे नवी गेम करण्याआधी या माणसांनी जुन्या गेमचा सांधा न् सांधा उकलून पुन्हा जोडला होता. उतार, घरंगळणे आणि उडी या तिन्हींचे नाते ‘मेनिया’त जुन्यासारखेच आहे, पडदा मात्र रुंद झाला, त्यामुळे पुढचा धोका लवकर दिसतो, आणि चित्र सेकंदाला साठ वेळा सलग हलते. भर घातली ती ‘ड्रॉप डॅश’ नावाच्या एका हालचालीची: हवेत असतानाच उडीची कळ पुन्हा दाबून धरली की जमिनीला पाय लागताच सॉनिक गोळा होऊन सुसाट सुटतो. ही हालचाल १९९१ साली नव्हती, तरी ती तेव्हाचीच वाटते, कारण ती वेग साठवण्याच्या जुन्या नियमातून निघाली आहे. नवी भर कशी घालावी याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

तुमच्या प्रकल्पासाठी माझी सूचना अशी. निवडलेली जुनी गेम एकेक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत पाहा आणि वहीत नोंदी करा: कळ दाबल्यापासून पाय सुटेपर्यंत किती फ्रेम जातात, उडीची उंची नायकाच्या उंचीच्या किती पट आहे, कळ लवकर सोडली तर उडी आखूड होते का, हवेत दिशा बदलता येते का. हे आकडे हाती आल्यावर कोणते जसेच्या तसे ठेवायचे आणि कोणते सैल करायचे, ते ठरवा. आजच्या खेळाडूंना दोन सवलतींची सवय झालेली आहे. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते, याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या गेममध्ये ही सवलत दशांश सेकंदाची आहे. आणि जमिनीवर टेकण्याच्या किंचित आधी दाबलेली कळ लक्षात ठेवून टेकताच उडी मारली जाते, हा ‘जम्प बफर’. दोन्ही इतक्या लहान आहेत की खेळणाऱ्याला त्या जाणवत नाहीत. ‘गेमने माझे ऐकले नाही’ ही चिडचिड तेवढी नाहीशी होते. जुन्या गेमची कठीणता राखायची असेल तर ती लेव्हलच्या मांडणीत राखा. कळ आणि उडी यांच्यातल्या गैरसमजात ती राखू नका.

हे सर्व करून तुम्ही चौघी आपल्या चौकोनाला तासभर कंटाळा न येता उडवू शकलात, की मग रंगपेटी उघडा.

प्रश्न : माझे वय ६४ आहे आणि संधिवातामुळे बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. नातवासोबत खेळताना मी सोपी पातळी निवडते. तो म्हणतो, ‘आजी, ही चीटिंग आहे.’ खरेच तसे आहे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजी, मुळीच नाही. ज्यांनी या गेम घडवल्या त्यांनीच ही दारे तुमच्यासाठी उघडी ठेवली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’मध्ये १९८५ पासून चालत आलेले लेव्हलचे घड्याळ काढून टाकले आहे, आणि योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतले तर शत्रूच्या धक्क्याने इजा होत नाही, खड्ड्यात पडलात तर मात्र पुन्हा यावे लागते, म्हणजे उडी तुम्हालाच मारायची आहे. ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये तर उड्यांचे फार अवघड टप्पे टाळून पुढे नेणारी दारे सुरू करता येतात, शत्रूचा मारा आणि आपली ताकद वेगवेगळी ठरवता येते, आणि नजर अधू असेल त्यांच्यासाठी पात्रे ठळक रंगांत दाखवण्याची सोय आहे. तिच्यातली मला सर्वांत आवडलेली सोय नकाशाची. एखाद्या उंच कोनाड्यात काही दिसले, पण तिथे चढण्याची शक्ती अजून मिळालेली नाही, तर एक कळ दाबून त्या जागेचे चित्र काढता येते आणि ते नकाशावर तिथेच टाचले जाते. दोन दिवसांनी परत खेळायला बसल्यावर ‘ते कुठे पाहिले होते बरे’ असा शोध घ्यावा लागत नाही. ही सोय आजी आणि नातू दोघांच्याही कामाची आहे. नातवाला माझा निरोप द्या, की एक लेव्हल त्याने योशी घेऊन खेळावी आणि तीत मजा कमी झाली का ते मला कळवावे.

प्रश्न : ‘द लॉस्ट क्राउन’ इतकी चांगली आहे तर तिचा पुढचा भाग का नाही? आणि पुण्यात-मुंबईत या मालिकेचे काम होणार होते, त्याचे काय झाले? — मुंबई

उत्तर : समीक्षकांनी कौतुक केले, पण विक्री कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये तो चमू विखुरल्याचे आणि त्यातील लोक दुसऱ्या कामांवर गेल्याचे समोर आले. मला याचे फार वाईट वाटते, कारण एकमेकांच्या हाताची सवय झालेला चमू ही अशा गेमची खरी पुंजी असते.

दुसरे काम ‘द सँड्स ऑफ टाइम’ या त्रिमितीय गेमच्या नव्या आवृत्तीचे होते. ते युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले. पहिली झलक पाहून चित्रांच्या दर्जावर टीका झाली, तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला हलवले गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने ती गेमच रद्द केली. आपल्याकडच्या लोकांनी दोन शहरांत त्या गेमवर जे कष्ट घेतले, ते खेळाडूंना कधी पाहायला मिळणार नाहीत.

प्रश्न : माळा आवरताना १९९० च्या दशकातील फ्लॉपींचा डबा सापडला. त्यावर ‘प्रिन्स’ असे लिहिलेली एक आहे, आणि मी शाळेत असताना स्वतः लिहिलेल्या एका छोट्या गेमचीही एक आहे. त्या टाकून द्याव्यात का? — नाशिक

उत्तर : कृपया टाकू नका, विशेषतः दुसरी. ‘प्रिन्स’च्या प्रती जगात पुष्कळ आहेत, तुमच्या गेमची कदाचित ही एकच असेल. मेकनर यांच्याकडेही गेमचा मूळ सोर्स कोड, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामच्या ओळी, कित्येक वर्षे नव्हता. २०१२ साली त्यांच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या, जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि तो कोड सर्वांसाठी खुला झाला. सावली कशी घडली हे आज विद्यार्थी मूळ ओळींमध्ये वाचू शकतात, ते त्या खोक्यामुळे.

फ्लॉपीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक क्षीण होतो, म्हणून उशीर करू नका. ड्राइव्हमध्ये घालण्याआधी पातळ पत्र्याचे झाकण हळूच सरकवून आतल्या तबकडीवर बुरशीचे पांढरे डाग आहेत का ते पाहा. असतील तर ती तशीच घालू नका, नाहीतर फ्लॉपी आणि ड्राइव्ह दोन्ही बिघडतील. साडेतीन इंची फ्लॉपीच्या कोपऱ्यातली छोटी खिडकी उघडी राहील अशी तिची पट्टी सरकवा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. सव्वापाच इंची असेल तर कडेची खाच चिकटपट्टीने झाका. मग यूएसबीने जोडता येणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवून साडेतीन इंचीची पूर्ण प्रतिमा, म्हणजे तिच्यावरील सगळ्या मजकुराची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, एकदाच उतरवून घ्या. सव्वापाच इंचीसाठी जुना संगणक असलेला कोणीतरी शोधावा लागेल. तुमची गेम चालू झाली, तर तिच्यातला नायक उडी कशी मारतो, ते आम्हाला अवश्य लिहून कळवा.